नख जाईल तिथे कापायचं

सुधाकरच्या भाचीचा, करुणाचा फोन आला तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचा चहा व्हायचा होता. "काका, मामा गेला," एवढंच ती बोलली. फोन चालूच होता. पलीकडे कोणी खुर्च्या सरकवत होतं, गल्लीतलं कुत्रं भुंकत होतं, आणि ती नुसती श्वास घेत होती. मग तिनंच सांगितलं की दुपारचं जेवण झालं, मामा नेहमीसारखा आडवा झाला, मामी चहाला उठवायला गेली तर उठला नाही... सुधाकर आयुष्यभर कुठेच वेळेवर निघाला नाही. लग्नाला जायचं तर पंगती उठल्यावर हा पोचायचा, आणि वर वाढप्यांनाच विचारायचा की एवढी घाई कशाला केली. या एका ठिकाणी मात्र गडी कोणासाठी न थांबता निघून गेला, आणि मला त्याचा अजून राग आहे. आता महिना उलटून गेला. घाटावर पांढऱ्या कपड्यांतली माणसं बुद्धवंदना म्हणत होती तेव्हा मीही ओठ हलवत होतो. इतक्या वर्षांच्या मैत्रीत ती पाठ व्हायला हवी होती, झाली नाही. हे लिहितो आहे ते त्याची थोरवी सांगायला नाही. त्याच्या मनात एक गोष्ट राहून गेली, ती मला ठाऊक आहे, आणि ती घेऊन एकट्यानं बसवत नाही.

वाचकांपैकी कोणी त्याला ओळखत असेल असं वाटत नाही. सुधाकर नकाशे काढायचा. रस्ते आणि नद्या दाखवणारे नव्हेत, आकड्यांचे. जिल्ह्यातली गावं घ्यायची, कुठे शंभरातली किती मुलं शाळेत जातात, कुठल्या विहिरी किती खोल गेल्या, असे आकडे घ्यायचे, आणि ज्या गावाचा आकडा मोठा त्याला गडद रंग, लहान त्याला फिकट, अशा छटा भरायच्या. सरकारी कचेरीत असे नकाशे ढिगानं निघतात. बैठकीत भिंतीवर लागतात, साहेब लोक त्यांच्याकडे बोट दाखवून बोलतात, आणि त्या बोटाबरोबर पैसा, डॉक्टर, हातपंप, काय काय इकडचं तिकडे जातं. काढणाऱ्याचं नाव खाली नसतं. सुधाकरला त्याचं काही वाटायचं नाही. उलट नाव नाही तेच बरं, लोक घरी येऊन शिव्या तरी देत नाहीत, असं तो म्हणायचा.

आम्ही दोघं भूगोल घेऊन एम.ए.ला एका बाकावर होतो. त्याचे वडील नागपूरच्या लकडगंजात लाकडाच्या टालावर ओंडके चढवायचे-उतरवायचे. आमचं घर महालातलं, घरात पिढ्यान् पिढ्या कारकुनी. तो पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा आईनं त्याला चहा पाहुण्यांच्या कपात न देता वेगळ्या, कान तुटलेल्या कपात दिला होता. त्यानं तो कप हातात फिरवून पाहिला, चहा पिऊन स्वतः विसळून ठेवला, आणि बाहेर पडल्यावर मला म्हणाला, चहा फक्कड होता. बाकी एक शब्द नाही. माणसांचे ढीग कसे करतात आणि रेघ कुठे ओढतात, हे शिकायला त्याला विद्यापीठात यायची गरज नव्हती. मला होती. पुढे आईच त्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही, तो भाग निराळा.

त्याची ती सुप्रसिद्ध पट्टी मी त्याच वर्षी पाहिली. सुप्रसिद्ध म्हणजे आम्हा चार मित्रांत. टालावर उरलेल्या सागाच्या तुकड्यातून वडिलांनी त्याला हातभर लांबीची एक पट्टी कापून, रंधा मारून दिली होती. तिच्यावर त्यानं स्वतः शाईनं खुणा केल्या होत्या. प्रात्यक्षिकाचा नकाशा काढायचा होता, माझी आकडेमोड चालली होती, आणि हा गृहस्थ डब्यातून तुरीची डाळ काढून पट्टीवर मांडत बसला होता. प्रत्येक गावाचा एक दाणा, त्याचा आकडा जिथे येईल तिथे. डाळच का, तर तिची एक बाजू सपाट असते, घरंगळत नाही. सगळे दाणे मांडून झाले की पट्टीवर कुठे गर्दी दिसायची, कुठे मोकळी जागा, एखादा दाणा पार टोकाला एकटाच बसलेला. मग एक छटा कुठे संपवायची ते ठरवायला तो करंगळीचं नख दोन दाण्यांच्या मधून घालून बघायचा. "पाह्य," तो मला म्हणाला, "जिथं नख जाते तिथं कापायचं. जिथं नाही जात तिथं साहेब आला तरी कापायचं नाही." पुस्तकात याच गोष्टीवर पानंच्या पानं होती. मी ती पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि विसरलो. ते नख मात्र विसरलो नाही.

पुढे मी महाविद्यालयात शिकवायला लागलो आणि तो कचेरीत चिकटला. आधी शाई, ब्रश आणि पारदर्शक कागद होते, मग संगणक आले. संगणकावर त्याचा राग नव्हता, त्याच्या घाईवर होता. आकडे टाकले की बटण दाबताच नकाशा तयार, आणि रेघा कुठे ओढल्या ते विचारायची सोय आहे हेच कोणाला ठाऊक नाही. एकदा त्यानं माझ्या वर्गातल्या मुलांसमोर एकाच आकड्यांचे तीन नकाशे टांगले होते. पहिल्यात पट्टीचे सारखे पाच तुकडे केले होते; एका गावाचा आकडा अचाट मोठा, त्यामुळे ते एकटंच गडद आणि बाकी सगळा जिल्हा पांढराफटक, जणू कुठे काही दुखतच नाही. दुसऱ्यात प्रत्येक छटेला सारखी गावं वाटली होती. नकाशा भरगच्च, देखणा, पण जवळजवळ सारख्या आकड्यांची शेजारची गावं वेगवेगळ्या रंगांत गेलेली. तिसरा नखाचा. मुलांनी विचारलं, सर, खरा कोणता? सुधाकर म्हणाला, तिन्ही खरे. मुलं हसली, त्यांना तो विनोद वाटला. तो हसला नाही.

त्याचे नियम फार नव्हते. पाचाच्या वर छटा नकोत, कारण डोळ्याला त्यापुढे फरक कळत नाही. नकाशा झाला की तो भिंतीला लावून, चष्मा काढून, दाराशी उभं राहून बघायचा. धूसर नजरेला जे दिसेल तेच लोक घरी घेऊन जातात, असं त्याचं म्हणणं. खालची आकड्यांची चौकट कोणी वाचत नाही. माणूस काळं कुठे आहे ते बघतो आणि उठतो.

आता ज्या नकाशासाठी हे लिहितोय तो. आपल्या भागात सिकलसेल काय ते सांगायला नको, तरी थोडक्यात सांगतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि लहान मूल हाडं मोडल्यासारखं ओरडतं. आई आणि बाप दोघांकडून आलं तर आजार. एकाकडूनच आलं तर माणूस नुसता वाहक. त्याला काही होत नाही, त्यामुळे कळतही नाही. म्हणून लग्नाआधी दोघांचं रक्त तपासणं, एवढा एकच शहाणपणा माणसाच्या हातात आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी एका मोहिमेत गावोगाव रक्त तपासलं गेलं आणि आकडे नकाशासाठी सुधाकरच्या टेबलावर आले. जी गावं सर्वांत गडद छटेत येतील तिथे कायमचं तपासणी केंद्र मिळणार होतं, औषधं आणि तंत्रज्ञासकट.

मौदा ओलांडून पुढे एका गावात सुधाकरची धाकटी बहीण कमलताई दिलेली. ती अंगणवाडीत. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुन्हा तेच व्हायचं, जे एकदा झालं. दुखण्यानं तळमळणारी लेकरं जीपमध्ये घालून नागपूरला आणायची हे तिचं नेहमीचं काम होऊन बसलं होतं. एक पोर तर वाटेत तिच्या मांडीवरच गेलं. त्या वेळी ती भावाला एकच वाक्य बोलली, आणि ते त्यानं मला इतक्या वेळा सांगितलं की तिच्या तोंडून मीच ऐकल्यासारखं वाटतं. "तू येवढे नकाशे काढतं दादा, आमचं गाव कधी दिसन काय त्याच्यात?"

त्यानं घरी पट्टीवर दाणे मांडले तेव्हा मी तिथे होतो. उजव्या टोकाला थोडेसे दाणे, मग ऐसपैस मोकळी जागा, आणि मग मध्यभागी दाटीवाटी. ताईचं गाव त्या दाटीत, वरच्या अंगाला. त्याला चिकटून नाल्यापलीकडच्या गावाचा दाणा. नखाचा नियम लावला तर टोकाची थोडकी गावं गडद, ताईचं गाव गर्दीत हरवलेलं, केंद्र नाही. साहेबांना मात्र भरगच्च नकाशा हवा होता, प्रत्येक छटेला सारखी गावं. एरवी सुधाकरनं त्यावर वाद घातला असता, घालायचाच. त्या दिवशी त्यानं टोकाकडून दाणे मोजायला सुरुवात केली आणि सगळ्यांत गडद छटेचा वाटा पुरा झाला तो बरोबर ताईच्या गावापाशी. रेघ पडली ती त्या दोन चिकटलेल्या दाण्यांच्या मधे. मी गमतीनं विचारलं, नख गेलं का रे तिथे? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "यावेळी नखाले सुट्टी देल्ली गा." आणि पलीकडचं गाव? "थे येईन पुढच्या खेपेले." लबाडी म्हणाल तर लबाडी नव्हती. एकही आकडा बदलला नव्हता, पद्धत पुस्तकातली होती, साहेबांना हवी तीच होती. फक्त ती त्याची नव्हती.

केंद्र आलं. कमलताईनं गावात पेढे वाटले. नकाशा वर्तमानपत्रात छापून आला, आणि इथून पुढचं सगळं सुधाकरच्या हातातून निसटलं. त्यानं पाच छटांचा रंगीत नकाशा दिला होता; वर्तमानपत्रानं तो काळ्या शाईत छापला. सर्वांत गडद छटा कोळशासारखी उठली आणि उरलेल्या चार एकसारख्या राखाडी झाल्या. दाराशी उभं राहून चष्मा काढायचीही गरज नाही, काळी गावं आणि बाकीची गावं, एवढाच नकाशा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. ज्या गावाला दिसायचं होतं ते दिसलं.

करुणा कमलताईची मुलगी. तिचं त्याच सुमारास नाल्यापलीकडच्या गावात जवळजवळ ठरलं होतं. मुलगा शिकलेला, घरची शेती, दोन्ही गावांत पिढ्यान् पिढ्यांची सोयरीक. करुणाचं रक्त नव्या केंद्रात सर्वांत आधी तपासलं गेलं होतं; ती आजारी नव्हती आणि वाहकही नव्हती. मुलाचा बाप येऊन बसला, चहा घेतला, खिशातून घडी घातलेलं कात्रण काढलं. कमलताईनं तपासणीचा कागद पुढे केला तर त्यानं तो हातातही घेतला नाही. तो भला माणूस होता, वाईट बोलला नाही. "पोरगी लाखात एक हाय बाई," तो म्हणाला, "पण गाव काळं हाय ना." आपलं गाव त्या नकाशात राखाडी आहे आणि राखाडी म्हणजे कोरं नव्हे, दोन गावांत डाळीच्या दाण्याएवढंही अंतर नाही, हे त्याला कोण सांगणार? आणि सांगितलं असतं तरी कात्रण त्याच्या खिशात होतंच.

सुधाकरला हे कळलं त्या दिवशी तो आमच्याकडे आला. बायकोनं पोहे आणले, ते तसेच राहिले. मी समजूत घालत होतो की दुसरं स्थळ येईल. आली, दोन-तीन आली आणि गेली. मग करुणानंच सांगितलं की आता पुरे. तिनं प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम केला आणि गावातल्या त्याच केंद्रात तिला नोकरी लागली. लोक म्हणाले, मामाच्या पुण्याईनं लागली. सुधाकर ते ऐकून तिथून उठून जायचा. भाचीशी त्याचं वागणं बदललं. आधी तो तिला येता-जाता चिडवायचा. लहानपणी सुट्टीत आली की पट्टीवर दाणे मांडायला तिलाच बसवायचा, तिचं चिमुकलं नख त्याच्यापेक्षा बारीक फटीत जातं म्हणून. आता तो तिच्याशी पाहुणीशी वागावं तसा वागू लागला. तिच्या आवडीचं करायला सांगायचा, आहेर आणायचा, आणि तिच्याकडे सरळ बघायचा नाही.

त्या मुलाचं लग्न दूरच्या एका गावच्या मुलीशी झालं. दोन्ही गावं नकाशात राखाडी, मग रक्त तपासायचं कशाला? दोघांचंही कोणी तपासलं नाही. दोघंही वाहक निघाले, पण ते कळलं मूल झाल्यावर, त्याचे हातपाय सुजून ते आकांत करायला लागल्यावर. पुष्कळ दिवस बाहेरचं झालं, दृष्ट लागली, वात आहे, असं चाललं. नाल्यापलीकडे केंद्र होतं, सहज चालत जाण्यासारखं, पण ते काळ्या गावाचं केंद्र. शेवटी एका सकाळी तोच मुलगा, आता बाप झालेला, पोराला खांद्यावर घेऊन नाला उतरून आला. रक्त घ्यायला समोर करुणा. तिनं पोराला खेळायला नळ्यांची टोपणं दिली, सुई टोचली, नळीवर त्याचं नाव लिहिलं. बापानं शेवटपर्यंत मान वर केली नाही म्हणे. हे सगळं कमलताईनं भावाला फोनवर सांगितलं आणि भावानं मला. सांगताना तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता की पलीकडच्या गावाची पुढची खेप कधी आलीच नाही.

मी त्याला खूप समजावलं. केंद्रामुळे किती लेकरं वाचली ते मोज. सोयरीक मोडताना मुलाच्या बापानं कागद बघितला नाही, त्याला तू काय करणार? वर्तमानपत्राच्या शाईला तू काय करणार? तो सगळं मान्य करायचा, मान डोलवायचा, आणि पुन्हा त्या दोन दाण्यांपाशी येऊन थांबायचा. त्याचं दुखणं ताईच्या गावाला केंद्र दिलं हे नव्हतंच. नियम त्यानं फक्त स्वतःच्या माणसासाठी मोडला आणि तो नेमका त्याच माणसावर उलटला, हे त्याला सहन होत नव्हतं. मला विचाराल तर मलाही होत नाही.

निवृत्तीनंतर त्यानं हुडकेश्वरला घर बांधलं आणि जेवणाच्या टेबलावर अर्धी जागा बळकावून तो जुना नकाशा पुन्हा काढायला बसला. बैल गेला आन् झोपा केला, असं शीलावहिनी तोंडावर म्हणायच्या. तो म्हणायचा, होय वं, झोपाच करून राहिलो. एकदा त्यानं रेघच नसलेला नकाशा काढून दाखवला. प्रत्येक गावाला त्याच्या आकड्याप्रमाणे स्वतःची वेगळी छटा, कोणावर अन्याय नाही. मी चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला. सगळा जिल्हा गढूळ पाण्यासारखा, कुठलं गाव गडद आणि कुठलं फिकट काही उमगेना. तो म्हणाला, हेच तर. न कापावं तर कोणाला वाचता येत नाही, आणि कापावं तर दोन चिकटलेल्यांतून सुरी जाते. त्या दिवशी त्यानं चहाही घेतला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा आतून खचत चालला आहे... पण मित्राचं खचणं आपल्याला त्याचं चक्रमपण वाटतं.

आमची शेवटची भेट त्याच टेबलापाशी. ऊन चांगलं डोक्यावर आलेलं, बाहेर संत्र्याचा हातगाडीवाला ओरडत होता. पट्टीवर दाणे नुकतेच मांडलेले. ताईच्या गावाच्या दाण्यापाशी पेन्सिलीचं बारीकसं टिंब होतं, ते त्यानं मला बोटानं दाखवलं, जणू मला ठाऊक नव्हतं. मग बराच वेळ तो इकडचं तिकडचं बोलत राहिला. गुडघे, वीज सारखी कशी जाते, कचेरीतली नवीन मुलं कशी नकाशे काढतात. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची सवय जुनी. शेवटी म्हणाला, करुणा रविवारी येणार आहे. मी म्हटलं, मग? "तिले सांगू काय गा?"

मी म्हटलं, सांग. कधीचं सांगायला हवं होतं.

"काय सांगू? तुह्या मामानं रेघ ओढली म्हणून?"

मी म्हटलं, तेच सांग, तेवढंच. तो म्हणाला, ठीक आहे, या रविवारी सांगतो. रविवारी करुणा आली. वहिनींनी मला नंतर सांगितलं की त्यानं मटण आणलं, स्वतः मसाला वाटला, तिच्या केंद्रातलं यंत्र दुरुस्त झालं का ते तीनदा विचारलं, तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेला आणि परत येऊन बराच वेळ बाहेरच उभा राहिला. बोलला नव्हता. पुढच्या रविवारची वाट बघत असावा. त्या आठवड्यातच तो दुपारचं जेवून आडवा झाला.

परवा मी गेलो तेव्हा करुणाही आली होती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला होता, पाहुणे पांगले होते, घर फार मोठं वाटत होतं. जेवणाचं टेबल तसंच होतं. अर्ध्या भागावर सागाची पट्टी, तिच्यावर दाणे, आणि मुंग्या लागू नयेत, वाऱ्यानं हलू नयेत म्हणून वहिनींनी वरून पोळ्यांवर झाकायची जाळी घातलेली. त्या भागाला त्या फडकंही लावत नाहीत. वहिनी आत स्वयंपाकाला लागल्या आणि आम्ही दोघं तिथे बसलो. करुणा आता पस्तिशीकडे आली, केसांत एखादी चांदीची तार, मामासारखंच बोलण्याआधी थांबणं. तिनं मला विचारलं, "काका, यातला आमचा दाणा कोणता?"

आता लपवण्यासारखं काय होतं? मी जाळी उचलून पेन्सिलीचं टिंब दाखवलं. त्याला चिकटलेला दुसरा दाणा दाखवला आणि म्हटलं, हे पलीकडचं गाव. पुढचं कसं सांगावं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. त्याच्या वतीनं सांगावं की नाही हेही ठरत नव्हतं. तोवर तिनं करंगळी पुढे केली आणि नख त्या दोन दाण्यांच्या मधे नेलं, मामानं लहानपणी शिकवलं होतं तसं, अगदी हलकेच. नख गेलं नाही. दाणे हलतील म्हणून तिनं जोर केला नाही, बोट मागे घेतलं.

"मले माहीत होतं काका," ती म्हणाली. "केंद्रात भिंतीवर तोच नकाशा टांगला हाय. रोज पाह्यतो मी. आमच्या नाल्यावर कापलं हाय, आन् मामा असा कधी कापत नव्हता. मंग काहून कापलं असन, थे का मले समजत नव्हतं?"

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस त्याच्याशी? तिनं जाळी परत जागेवर ठेवली, तिचे काठ टेबलाला नीट टेकले की नाही ते पाहिलं. मला वाटलं ती म्हणेल, मी त्याला माफ केलं होतं. आपण म्हाताऱ्यांना असलं काही ऐकायची फार हौस असते.

"वाट पाहून राहिली होती मी. थो सांगन, मंग मी भांडीन. मोठ्यानं भांडीन, रडीन, आन् मंग त्याच्याजवळ बसून जेवीन." तिनं जाळीवरून हात काढला. "येवढा राग घेऊन बसली होती मी त्याच्यासाठी. आता तो कोणाले देऊ? भांडू बी नाही देल्लं त्यानं मले."

आतून वहिनींनी ताटं घेऊन जा म्हणून हाक मारली. करुणा उठली, डोळे पदरानं पुसले, ताटं आणून मांडली. अर्ध्या टेबलावर पट्टी, त्यामुळे आम्ही तिघं उरलेल्या बाजूला खुर्च्या एकमेकींना लावून बसलो. वहिनींनी भात वाढला, त्यावर तुरीचं वरण. करुणानं भात कालवला आणि बराच वेळ हात तसाच ताटात ठेवून ती जाळीकडे बघत राहिली.